निवासी डॉक्टर असतो, मग निवासी परिचारिका का नाही?

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावद्याच्या पट्ट्यात बारावीचा निकाल आणि वादळी पाऊस साधारण एकाच हंगामात येतात. मे-जूनच्या एखाद्या संध्याकाळी अर्ध्या तासात उभी केळी आडवी होते आणि त्याच आठवड्यात पोरीला पुढे कशाला घालायचे हे घरात ठरवायचे असते. हल्ली बऱ्याच घरांत त्याचे उत्तर नर्सिंग असे असते. नोकरी लवकर लागते, जवळपास लागते आणि जिद्द असेल तर मुंबई-पुण्यापासून आखातापर्यंतची वाट खुली होते, असा सरळ हिशेब. पैशांची अडचण निघाली की नातलगांपैकी कुणीतरी सल्ला देतोच, "दिवसा कॉलेज करावं, रात्री एखाद्या दवाखान्यात ड्युटी करावी. मेहनत केली की सगळं होतं."

सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. पण नोकरी आणि शिक्षण यांचा मेळ घालणे हे त्या मुलीचेच काम, असे त्यात गृहीत धरलेले असते. वेळापत्रक तिने बसवायचे, झोप तिने मारायची आणि नाही जमले तर तिचीच जिद्द कमी पडली. माझे म्हणणे वेगळे आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमात वर्गापेक्षा वॉर्डातले तास जास्त असतात. म्हणजे ही विद्यार्थिनी आधीपासूनच काम करत असते. तिच्या ज्या कामाची नोंद शिक्षण म्हणून होते त्याचे पैसे तिला मिळत नाहीत, आणि ज्या कामाचे पैसे मिळतात त्याची नोंद शिक्षण म्हणून होत नाही. दुखणे इथे आहे. ते एकट्या मुलीच्या कष्टाने बरे होणारे नाही.

तालुक्याच्या गावातले पंधरा-वीस खाटांचे एखादे खासगी रुग्णालय घ्या. रात्री आठ ते सकाळी आठ अशी पाळी. डॉक्टर वरच्या मजल्यावर राहतात, खाली वॉर्डात एक मुलगी आणि एक मावशी. मुलगी बारावी झालेली, कामावरच शिकलेली. सलाईनचे थेंब ती घड्याळाकडे बघून मोजते, ताप-नाडी-बीपी कागदावर उतरवते, शीर सापडत नसली तर मनगटावर टिचकी मारून शोधते. पहाटे नव्या बाळंतिणीचे पोट ती हाताने चाचपते. गर्भाशय घट्ट गोळ्यासारखे न लागता सैल लागले की लगेच वर धावत जाऊन डॉक्टरांना उठवते. हे तिला एका जुन्या सिस्टरने हात धरून शिकवलेले असते. मात्र गर्भाशय सैल का पडते, अशा वेळी किती मिनिटांत किती रक्त जाऊ शकते, कोणते इंजेक्शन कशासाठी आणि कोणत्या बाईला ते देऊ नये, हे तिला कुणी सांगितलेले नसते. तिच्या हातात कौशल्य आहे, पण त्यामागचे शास्त्र नाही. म्हणून तिने शिकलेच पाहिजे. पण शिकायला गेली की हा हात आणि त्यावर मिळणारा पगार, दोन्ही सुटतात.

सकाळी आठला पाळी संपते. रावेरहून जळगाव सुमारे 65 किलोमीटर. सावदा, फैजपूर, भुसावळ करत एसटी पोहोचेपर्यंत कॉलेजातले पहिले तास उलटलेले असतात. मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, ही मोठी सोय आहे. पण अर्ध्या तिकिटात वेळ अर्धा होत नाही. शिवाय हजेरीचा नियम कडक आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमात परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची हजेरी 100 टक्के भरून द्यावी लागते. माझ्या मते हा नियम योग्यच आहे. इंजेक्शन देणे पत्राने शिकवता येत नाही. ज्या परिचारिकेने नवजात अर्भकांच्या कक्षातले पोस्टिंग बुडवले, तिच्या हाती आपले नातवंड द्यायला कुणी तयार होणार नाही. पण नियम योग्य असला तरी तो पाळता येईल अशी रचना उभी करणे हे नियम करणाऱ्याचे काम असते. ती उभी केलेली नाही. "काम केलं तं कॉलेज बुडते, अन् कॉलेज केलं तं पगार," असे या भागातल्या एखाद्या मुलीने म्हटले, तर ती कुरकुर करते आहे असे समजू नये. ती नियमावलीचा सारांशच सांगते आहे.

प्रामाणिक दार बंद असले की बाजूचे दार उघडते. नर्सिंगच्या बाजारात त्या दाराला 'नॉन-अटेंडिंग' म्हणतात. प्रवेश घ्या, फी भरा, कॉलेजला येऊ नका. हजेरी आणि केस बुके आम्ही बघतो. रावेरच्या पलीकडे काही मैलांवर मध्य प्रदेशाची हद्द लागते, आणि त्या राज्यात काय झाले ते सर्वांनी पाहिले. इमारत नाही, खाटा नाहीत, शिक्षक कागदावरच, अशा नर्सिंग महाविद्यालयांच्या तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या आणि न्यायालयाने चौकशी सीबीआयकडे दिली. मे 2024 मध्ये त्या चौकशीतल्याच अधिकाऱ्यांना महाविद्यालयांना अनुकूल अहवाल देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. दरम्यान खरोखर शिकणाऱ्या हजारो मुलामुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षे लटकल्या. या प्रकरणात संस्थाचालकांचा लोभ आहेच, निरीक्षकांचा भ्रष्टाचारही आहे. पण असल्या दुकानांना गिऱ्हाईक कुठून मिळते, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. गिऱ्हाईकांत ज्यांना पगार सोडणे परवडत नाही असे पुष्कळ असतात. त्यांना खरे शिक्षण नको असते असे नाही. खऱ्या शिक्षणात त्यांच्या पोटाची सोय नसते, एवढेच. नुसत्या धाडींनी हा बाजार उठणार नाही.

महाराष्ट्राने हा प्रश्न पूर्वी एकदा सोडवला आहे. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपण आज भिंतीवरच्या सुविचारासारखे वापरतो, पण कर्मवीर भाऊराव पाटलांनी ते योजना म्हणून राबवले होते. 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था निघाली, पुढे साताऱ्यात वसतिगृह झाले आणि 1947 मध्ये तिथेच शिवाजी कॉलेज. तिथल्या गरीब मुलाला 'जा, बाहेर कुठे काम मिळते का बघ' असे सांगून मोकळे होण्याची रीत नव्हती. संस्थेने शेत दिले, काम दिले, ते तासांच्या आगेमागे बसवले आणि कामाच्या बदल्यात राहण्या-जेवण्याची व शिक्षणाची सोय केली. कमाई आणि शिकणे यांची सांगड घालण्याची जबाबदारी संस्थेने स्वतःच्या शिरावर घेतली होती.

त्याहून जुने आणि या विषयाच्या अगदी जवळचे उदाहरण पुण्याच्या सेवासदनाचे. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ते उभे राहिले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी जाऊ लागल्या. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागतो म्हणून त्या काळी हा व्यवसाय हलका समजला जाई. तिथे येणाऱ्यांत विधवा आणि परित्यक्ता अनेक. माहेर-सासर दोन्हीकडून आधार तुटलेल्या. नुसते 'धीर धर' म्हणून त्यांच्याकडून काही झाले नसते. राहायला जागा, पाठीशी संस्था आणि शिक्षणाचा खर्च उचलणारे हात होते म्हणूनच ते शक्य झाले.

हाच न्याय आजच्या वैद्यक क्षेत्रात एका वर्गाला आपण बिनबोभाट लावतो. एम.डी., एम.एस. करणारा निवासी डॉक्टर वॉर्डात राबतो, शिकतो, परीक्षा देतो आणि त्याला दरमहा विद्यावेतन मिळते. एमबीबीएसच्या आंतरवासितेतल्या मुलालाही मिळते. त्यांना कुणी विचारत नाही, की बाबा, तू नोकरी आणि शिक्षण यांचा तोल कसा सांभाळतोस? त्यांच्या बाबतीत नोकरी आणि शिक्षण ही एकच गोष्ट आहे हे सर्वांनी मान्य केलेले आहे. रकमेवरून संप होतात, पण तत्त्वावरून वाद नाही. त्याच वॉर्डात, त्याच रुग्णाच्या उशाशी उभ्या असलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला मात्र हे तत्त्व लागू नाही. कुठे थोडेफार विद्यावेतन असते, तेही शासकीय संस्थेत. खासगी कॉलेजात ती फी भरून राबते.

हे तत्त्व परिचर्येत कधी मानलेच गेले नाही असेही नाही. अतिदक्षता विभागातल्या 'नर्स प्रॅक्टिशनर' या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची भारतीय परिचर्या परिषदेनेच आखणी केली आहे, आणि तो निवासी पद्धतीचा आहे. विद्यार्थिनीने त्या विभागात काम करत शिकायचे आणि रुग्णालयाने तिला पगार द्यायचा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, केंद्र सरकारने जीएनएम (परिचर्येची पदविका) व बी.एस्सी. नर्सिंगच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटी देण्यास मुभा दिली आणि शंभर दिवस ड्युटी करणाऱ्यांना पुढे सरकारी भरतीत प्राधान्याचे आश्वासन दिले. संकट आले तेव्हा विद्यार्थिनीचे काम हे 'काम' ठरले, मोजले गेले, त्याला मोल आले. संकट सरले आणि तेच काम पुन्हा 'पोस्टिंग' झाले.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द परिचर्येच्या इतिहासातून येतो. विद्यार्थिनीला पगार देऊन वॉर्डात उभे करणे ही जुनीच पद्धत आहे. 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शाळा निघाली, तेव्हा उमेदवार मुलींना राहणे-जेवण आणि वर्षाला 10 पौंड मिळत. पुढे जगभर रुग्णालयांनी याचा सोयीस्कर अर्थ लावला: शिकाऊ मुली म्हणजे स्वस्त मनुष्यबळ. शिकवणे नावापुरते, राबवणे पोटभर. त्यातून सुटण्यासाठीच परिचर्येचे शिक्षण रुग्णालयाच्या कब्जातून काढून विद्यापीठांत नेण्याची चळवळ झाली. ब्रिटनने 1980 च्या दशकाअखेरीस 'प्रोजेक्ट 2000' ही सुधारणा आणली आणि विद्यार्थिनीची नोकरदार ही ओळख संपवली. मग आपण पुन्हा उलट्या पावली का जायचे?

आक्षेप खरा आहे, पण त्याची पुढची गोष्टही सांगायला हवी. इंग्लंडने 2017 मध्ये विद्यार्थिनींचे अनुदान बंद करून त्यांना कर्जावर ढकलले आणि तीनच वर्षांत, 2020 मध्ये, वर्षाला किमान 5,000 पौंडांची मदत परत सुरू करावी लागली. त्याच देशात 2017 पासून पगारी शिकाऊ परिचारिकेचा पदवी अभ्यासक्रमही सुरू आहे. ऑस्ट्रेलियात नर्सिंग, शिक्षकी आणि समाजकार्य शिकणाऱ्यांची सक्तीच्या विनापगार पोस्टिंगमध्ये हलाखी होते असा बोभाटा झाला आणि तिथल्या सरकारने जुलै 2025 पासून गरजू विद्यार्थ्यांना पोस्टिंगच्या काळात आठवड्याला भत्ता सुरू केला. श्रीमंत देशांचाही अनुभव हाच आहे, की पैसे न देता राबवले तर गरीब मुली गळतात, आणि पैसे देऊन बेलगाम राबवले तर शिक्षण गळते. म्हणून पैसे द्यायचे आणि तासांना लगाम घालायचा, ही मधली वाट कायद्यानेच आखावी लागते. निवासी डॉक्टरांच्या सलग चोवीस-छत्तीस तासांच्या पाळ्यांचा कित्ता इथे मुळीच गिरवू नये.

दुसरी गाठ शिडीची आहे. गरीब घरची मुलगी बहुधा सर्वांत खालच्या पायरीवरून सुरुवात करते: दोन वर्षांचे एएनएम. तिला वर चढायचे तर जीएनएमची तीन वर्षे, मग पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन आणि एम.एस्सी.ची दोन. अभ्यासाचीच नऊ वर्षे झाली, मधली नोकरीची वर्षे वेगळी. पैसे असलेल्या घरची मुलगी बारावीनंतर थेट चार वर्षांचे बी.एस्सी. आणि दोन वर्षांचे एम.एस्सी. करते, म्हणजे सहा वर्षे. गरिबीचा दंड तीन वर्षांचा. सातपुड्यातल्या पाल परिसरातल्या उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून दहा वर्षे तडवी आणि पावरा वस्त्यांतून लसीकरण व बाळंतपणे सांभाळलेली बाई जीएनएमला आली, तर तिलाही पहिल्या वर्षापासून, काल बारावी झालेल्या मुलीच्या बाकावर बसावे लागते. 2023 मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात अनुभवातून मिळालेल्या शिक्षणालाही क्रेडिट देण्याची तरतूद आहे. तिचा फायदा घेण्याचा पहिला हक्क या बाईचा आहे. तिची परीक्षा घ्या, कौशल्ये तपासा, कमी असेल ते शिकवा. येते आहे ते मात्र पुन्हा शिकवून तिची वर्षे वाया घालवू नका.

'फी माफ झाली, आता काय अडचण?' असे विचारणारे भेटतात. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ केली. निर्णय उत्तम आहे. पण फी हा खर्चाचा एक भाग. खोली, मेस, गणवेश, प्रवास हा दुसरा. तिसरा, ज्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही, तो म्हणजे घरात येणारा आणि आता बंद झालेला तिचा पगार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची 'स्वयम्' आणि अनुसूचित जातींसाठीची 'स्वाधार' या योजना वसतिगृह न मिळालेल्यांच्या राहण्या-जेवण्याचा खर्च देतात. म्हणजे शिकणाऱ्याला पोट असते हे शासनाने मान्य केलेले आहे. त्या पोटावर घरातली आणखी दोन माणसे अवलंबून असू शकतात, हे मान्य करणे बाकी आहे.

एवढे करून शिकल्यावर तरी काय? सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा 20,000 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा. 200 खाटांवरच्या रुग्णालयात तो सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचा असावा. केरळमध्ये परिचारिका रस्त्यावर उतरल्या आणि तिथल्या सरकारने 2018 मध्ये 20,000 रुपये किमान मूळ वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे ही शिफारस कागदावरच राहिली. नोंदणीकृत परिचारिका आणि कामावर शिकलेली मुलगी यांच्या पगारात फारसे अंतर नसेल, तर शिकण्यात तीन वर्षे घालवण्याचे कारण उरत नाही. म्हणून किमान वेतन हा शिक्षणाचाही प्रश्न आहे.

छोट्या रुग्णालयांच्या डॉक्टरांची बाजूही ऐकली पाहिजे. शिकलेली परिचारिका मिळत नाही, मिळाली तर सहा महिन्यांत नाशिक-पुण्याला जाते, आणि तालुक्यातल्या रुग्णाला परवडणाऱ्या दरात मोठा पगार बसत नाही, हे त्यांचे रडगाणे खोटे नाही. पण निवासी डॉक्टरासारखी काम करत शिकणारी 'निवासी परिचारिका' ही योजना याच डॉक्टरांना सर्वांत फायद्याची आहे. आज ते अप्रशिक्षित हातांवर रात्र काढतात. उद्या त्यांच्याकडची मुलगी नोकरी न सोडता शिकू शकली, तर तीच मुलगी नोंदणीकृत होऊन त्यांच्याकडे राहण्याची शक्यता वाढते. ती सोडून जाऊ नये म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवण्याची गरज नाही.

यात रुग्णाचा संबंध काय, असे कुणाला वाटेल. 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नऊ युरोपीय देशांतल्या चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास आला. एका परिचारिकेवरचा एक रुग्ण वाढला की मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, आणि पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी वाढले की ती तेवढीच घटते, असे त्यात दिसले. आपल्या जिल्ह्याला आकडेवारीचीही गरज पडू नये. जून 2020 मध्ये जळगावच्या शासकीय कोविड रुग्णालयातून एक वृद्ध महिला बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडली. त्या घटनेला अनेक पदर होते, आणि जबाबदारीची चौकशी करणे या लेखाचे काम नाही. पण प्रत्येक पाळीला प्रत्येक खाटेकडे बघणारे पुरेसे शिकलेले डोळे असणे म्हणजे काय, हे त्यानंतर खानदेशात कुणाला समजावून सांगावे लागू नये.

मग करायचे काय? भारतीय परिचर्या परिषदेचा 1947 चा कायदा मागे सारून 2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला आहे. नियम नव्याने लिहिले जातील तेव्हा त्यांत 'निवासी परिचारिका' हा प्रवेशप्रकार असावा. काम करणारी मुलगी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, अथवा तपासणीत उतरलेल्या खासगी रुग्णालयात, आठवड्याला ठरलेल्या तासांइतकीच ड्युटी करील आणि ती नोंदणीकृत मार्गदर्शक सिस्टरच्या हाताखालीच. ते तास प्रात्यक्षिक म्हणून मोजले जातील आणि त्यांचे वेतन मिळेल. तिची गणना पाळीच्या संख्याबळात होणार नाही. नाहीतर रुग्णालय पदे रिकामी ठेवून तिलाच वापरील. आठवड्यातले दोन दिवस वर्गासाठी, आणि ते वर्ग भुसावळ किंवा फैजपूरसारख्या मधल्या ठिकाणी. बालरोग, मनोरुग्ण, अतिदक्षता अशी जी पोस्टिंग तालुक्यात होऊच शकत नाहीत, ती जळगाव-धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत सलग काही आठवडे, राहण्याच्या सोयीसह. अभ्यासक्रम तीनऐवजी चार वर्षांचा झाला तरी चालेल. कमाईसह चार वर्षे ही कमाईविना तीन वर्षांपेक्षा सोपी जातात. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी वर्ग नाही, हा नियम लेखी असावा. लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या परिचारिकेसाठी रुग्णालयात पाळणाघर असावे, कारण शिक्षण अर्ध्यावर सुटते ते पुष्कळदा अभ्यासापेक्षा मुलामुळेच.

खर्च होईल. पण समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांची गरज भासली तेव्हा सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम, नेमणूक आणि मानधन हे सगळे शासनाने याच देशात जुळवून आणले. पैसा आणि यंत्रणा दोन्ही निघाली, कारण गरज शासनाची होती. इथेही ती शासनाचीच आहे. फक्त आजवर तिचा भार मुलींच्या झोपेवर टाकून भागत आले. मेहनतीला त्या तयार आहेत, हे आणखी सिद्ध करून दाखवण्याची गरज उरलेली नाही. त्या मेहनतीची नोंद कोणत्या रजिस्टरात आणि कोणत्या दराने व्हायची, हे आता नियम लिहिणाऱ्यांनी ठरवायचे आहे.